पदार्थविज्ञानाची पदवी कोठें घ्यावी?

बारावीचा निकाल लागला कीं ज्या घरांतील मुलाला किंवा मुलीला पदार्थविज्ञानाची, म्हणजे आज ज्याला आपण बहुधा भौतिकशास्त्र म्हणतों त्या शास्त्राची, खरीखुरी ओढ असते, त्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो : “कोणतें विद्यापीठ चांगलें?” शेजारचे गृहस्थ मुंबईचें नांव घेतात, मामा पुण्याचें घेतात, कोणी दिल्लीचें सुचवितो, आणि कोणी तर “शास्त्राची पदवी घेऊन करणार काय? इंजिनिअरिंगला घाला” असा निवाडा देऊन मोकळा होतो. चार-सहा आठवड्यांत फॉर्म भरले जातात, फी भरली जाते आणि प्रश्न मिटला असें सर्वांना वाटूं लागतें. वास्तविक तो तेव्हां सुरू झालेला असतो.

ह्या निवडीला इतकें महत्त्व कां द्यावयाचें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. पदार्थविज्ञानाची रचना मजल्यावर मजला चढवावा तशी आहे. पहिल्या वर्षाचें गतिशास्त्र व कलनशास्त्र कच्चें राहिलें तर दुसऱ्या वर्षीं विद्युच्चुंबकत्व डगमगतें, आणि तिसऱ्या वर्षीं पुंजयामिकी, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स, ही निव्वळ पाठांतराची बाब होऊन बसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मराठ्यांचा काळ नीट समजला नाहीं तरी फ्रेंच राज्यक्रांति समजूं शकते. येथें तशी सोय नाहीं. अठराव्या वर्षीं झालेली उणीव एकविसाव्या वर्षीं भरून काढणें शक्य असतें, पण त्यासाठीं जी दुप्पट मेहनत पडते ती करण्याइतकी उमेद आणि वडिलांची शिल्लक पुष्कळांजवळ राहिलेली नसते.

आतां ‘विद्यापीठ’ ह्या शब्दाचाच उलगडा करूं. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें जीं तीन विद्यापीठें स्थापन झालीं, तीं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेलीं होतीं. अभ्यासक्रम ठरविणें, परीक्षा घेणें आणि पदव्या देणें हें त्यांचें काम; शिकविण्याचा भार संलग्न महाविद्यालयांवर. १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढें १९१६ सालीं बनारस हिंदु विद्यापीठ आणि १९२१ सालीं डाक्का विद्यापीठ हीं विद्यार्थ्यांना आपल्या आवारांत ठेवून शिकविणारीं विद्यापीठें निघालीं. परंतु आपल्या महाराष्ट्रांत पदवीपर्यंतचें शिक्षण आजहि बव्हंशीं महाविद्यालयांतच होतें. पुणें विद्यापीठाचेंच पाहा. १९४९ सालीं निघालेल्या आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचें नांव धारण करणाऱ्या ह्या विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग नांवाजलेला आहे. पण त्याचें काम मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणाचें व संशोधनाचें. पदवीला बसणारा विद्यार्थी त्या विभागांत पाऊलहि न टाकतां नाशिक, अहिल्यानगर किंवा पुणें जिल्ह्यांतील एखाद्या महाविद्यालयांत सारा अभ्यास करतो. पदवीपत्र एकाच नमुन्याचें, पण शिकविणारा हात निराळा. तेव्हां “कोणतें विद्यापीठ?” ह्या प्रश्नाच्या जागीं “कोणतें महाविद्यालय, आणि तेथें कोण शिकवितो?” हा प्रश्न आपल्याकडे आधीं विचारावयास हवा.

कित्येक महाविद्यालयांना स्वायत्तता मिळालेली आहे. मुंबईचें सेंट झेवियर्स व पुण्याचें फर्ग्युसन हीं त्यांपैकींच. अशा ठिकाणीं अभ्यासक्रम व परीक्षा महाविद्यालयाच्या हातीं असते, पदवी मात्र विद्यापीठाची. चांगल्या अध्यापकवर्गाच्या हातीं स्वायत्तता आली तर ती वरदान ठरते. सुमार वर्गाच्या हातीं आली तर परीक्षा तेवढी सोपी होते.

अध्यापकांविषयीं एक प्रश्न संकोच न बाळगतां विचारावा : पदार्थविज्ञान विभागांत पूर्ण वेळाचे, कायम नेमणुकीचे अध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मोबदल्यावर, शिकविणारे किती? तासिका तत्त्वावर येणाऱ्यांत उत्तम शिक्षक असतात, ह्यांत शंका नाहीं. परंतु जो दोन तास शिकवून दुसऱ्या महाविद्यालयाची वाट धरतो, त्याला विद्यार्थ्याची अडचण ऐकण्यास सवड कोठून असणार? आणि ज्याची नेमणूक पुढच्या जूनमध्यें राहील कीं नाहीं ह्याचा भरंवसा नाहीं, तो प्रयोगशाळा कशाच्या आधारावर सुधारणार?

अभ्यासक्रमाच्या पुस्तिका पाहण्यांत मात्र फार वेळ घालवूं नये. दहा ठिकाणच्या पुस्तिका शेजारीं शेजारीं ठेवल्या तरी त्यांत गतिशास्त्र, प्रकाशशास्त्र, उष्मागतिकी, विद्युच्चुंबकत्व, सांख्यिकीय भौतिकी, पुंजयामिकी आणि थोडें इलेक्ट्रॉनिक्स हींच प्रकरणें दिसतील. केंब्रिजच्या आणि कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला मॅक्सवेलचीं समीकरणें चारच शिकावीं लागतात. अंतर दिसतें तें प्रश्नपत्रिकांत. मागील पांच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवून वाचाव्या. संस्थेचा स्वभाव त्यांत जितका उघडा पडतो तितका तिच्या माहितीपत्रकांत पडत नाहीं.

ह्याचें एक उदाहरण देतों. “गाउसचा नियम सांगून तो सिद्ध करा” हा एक प्रश्न. ह्याला पुस्तकाचें एक पान पाठ असलें कीं पुरे. दुसरा प्रश्न असा : “सर्वत्र सारखा विद्युद्भार पसरलेल्या एका गोलांत, मध्यबिंदूपासून जरा बाजूला, एक लहान गोल पोकळी कोरली आहे, त्या पोकळींतील विद्युत्क्षेत्र काढा.” नियम तोच, पण येथें पाठांतर थांबतें. पोकळी म्हणजे भरीव गोलावर बसविलेला विरुद्ध भाराचा लहान गोल, अशी कल्पना विद्यार्थ्याला सुचली पाहिजे. ती सुचली कीं चार ओळींत उत्तर येतें, आणि तें उत्तर पाहून तो स्वतःच चकित होतो. कारण पोकळींत कोठेंहि जा, क्षेत्राचें मान तेंच आणि दिशाहि तीच! ज्या संस्थेच्या प्रश्नपत्रिकेंत दर वर्षीं पहिल्या जातीचेच प्रश्न क्रम बदलून येतात, तेथील प्रथम वर्गाच्या गुणांवर भाळूं नये. ज्या संस्थेंत दुसऱ्या जातीचे प्रश्न अधूनमधून तरी दिसतात, तेथें शिकविणारा मनुष्य जागा आहे.

ह्यापेक्षांहि मोठी कसोटी प्रयोगशाळेची. आणि येथें मला जरा विस्तारानें बोलावयाचें आहे, कारण प्रवेशाच्या धांदलींत प्रयोगशाळेचें दार उघडून पाहणारा पालक फार क्वचित् आढळतो. वसतिगृहाची खोली पाहतात, खाणावळ पाहतात, आणि जेथें विद्यार्थ्याचे आठवड्याचे कित्येक तास जावयाचे ती जागा न पाहतांच परत येतात.

लंबकाच्या साहाय्यानें गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. आतां गंमत अशी, कीं कित्येक प्रयोगशाळांत वर्गांतील साऱ्या विद्यार्थ्यांचें उत्तर सेकंदवर्गास ९.८१ मीटर असेंच येतें. हें उत्तर फार चांगलें आहे. मात्र तें लंडनचें आहे! पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते आणि ध्रुवांपाशीं किंचित् चपटी आहे, त्यामुळें गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर सुमारें ९.७८ आणि ध्रुवांवर सुमारें ९.८३ असें बदलत जातें. मुंबईस तें ९.७९ च्या आसपास आहे. इंग्लंडांत लिहिलेल्या पुस्तकांबरोबर तिकडचा आंकडा आपल्याकडे आला आणि आमच्या मुलांच्या जर्नलांत कायमचा मुक्काम करून राहिला.

आतां हा फरक साध्या लंबकानें ओळखतां येईल काय? एक मीटर लांबीच्या लंबकाला एका पूर्ण आंदोलनास सुमारें दोन सेकंद लागतात. शंभर आंदोलनांस दोनशें. हातांतील घड्याळ सुरू करतांना व थांबवितांना मिळून दोन दशांश सेकंदाची चूक धरली तर ती हजारांत एक झाली. परंतु गुरुत्वत्वरणाच्या सूत्रांत काळाचा वर्ग येतो, म्हणून उत्तरांत ती हजारांत दोन होते. लांबी मोजण्यांत एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तर आणखी हजारांत एक. लंडन आणि मुंबई ह्यांतील फरक हजारांत दोन-अडीच. म्हणजे प्रामाणिक विद्यार्थ्यानें म्हणावयाचें तें इतकेंच, कीं माझें उत्तर ९.७९ च्या जवळपास आहे, त्यांत दोन शतांश इकडे किंवा तिकडे धरा, ९.८१ हें चूक आहे असें छातीठोकपणें सांगण्यास माझें साधन अजून पुरें पडत नाहीं. मग तो आंदोलनांची संख्या वाढवील, किंवा हातांतील घड्याळाऐवजीं प्रकाशझोत तुटल्याबरोबर वेळ टिपणारें साधन जोडील, लंबकाची लांबी नेमकी कोठून कोठपर्यंत धरावयाची ह्याचा विचार करील. पदार्थविज्ञान ह्याच ठिकाणीं सुरू होतें. ज्या प्रयोगशाळेंत त्या विद्यार्थ्याच्या ९.७७ ह्या उत्तरावर लाल रेघ ओढून “९.८१ आणा” असें सांगितलें जातें, तेथें शास्त्र संपलेलें असतें, मग उपकरणांच्या कपाटांना कितीहि चकचकीत कांचा असोत.

म्हणून प्रयोगशाळेंत गेल्यावर उपकरणांच्या किंमतीपेक्षां दुसऱ्याच गोष्टी पाहाव्या. एका वर्णपटमापकावर किती विद्यार्थी दाटीवाटीनें उभे आहेत? मांडणी विद्यार्थी स्वतः करतो, कीं प्रयोगशाळा-सहायकानें ती आधींच करून ठेवलेली असते आणि विद्यार्थी फक्त आंकडे उतरून घेतो? मापनांतील अनिश्चितता कशी काढावी हें कोणी शिकवितें काय? मागच्या वर्षींचीं जर्नलें ह्या वर्षीं वारसाहक्कानें पुढें येतात, हें तर उघड गुपित आहे. जेथें तसें होत नाहीं अशी एखादी जागा सांपडली तर ती सोडूं नये.

गणिताविषयीं थोडक्यांत सांगतों, पण तें कानावेगळें करूं नये. पदार्थविज्ञान घेऊन गणित सोडणें म्हणजे गाणें शिकावयास जाऊन तंबोरा घरीं ठेवणें होय. अनेक चलांचें कलन, विकलक समीकरणें, रेषीय बीजगणित, संमिश्र संख्या, फूरियरची मालिका हीं हत्यारें दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत हाताशीं आलीं पाहिजेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर एक मुख्य विषय व एक दुय्यम विषय अशी मांडणी आलेली आहे. मुख्य विषय पदार्थविज्ञान असेल तर त्याच्या जोडीस गणित मिळतें कीं नाहीं, हें प्रवेशापूर्वीं लेखी पाहून घ्यावें. वेळापत्रकांत दोन्ही तास एकाच वेळीं येतात म्हणून गणित घेतां येत नाहीं, अशीहि उत्तरें कानीं पडतात. असें उत्तर मिळालें तर दुसरें महाविद्यालय पाहावें.

क्रमवारीचा प्रश्न पालक मोठ्या आदरानें विचारतात. केंद्र सरकारची संस्थांची क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. तींत अध्यापनाची साधनें, संशोधन, विद्यार्थ्यांची पुढील वाटचाल, समाजांतील सर्व थरांना मिळणारा प्रवेश आणि लोकमत अशा बाबींचा मिळून हिशेब असतो. हिशेब बहुतांशीं साऱ्या संस्थेचा. ज्या विद्यापीठाचा औषधनिर्माण विभाग जोरांत आहे त्याचा क्रमांक वर गेला, तर त्यानें पहिल्या वर्षाच्या गतिशास्त्राच्या तासाला काय फरक पडतो? आणि संशोधनाचे जे निबंध मोजले जातात, ते लिहिणारे विद्वान् पदवीच्या वर्गाकडे फिरकतातच असें नाहीं. क्रमवारी अगदींच निरर्थक आहे असें मी म्हणत नाहीं. शंभरावा आणि पहिला ह्यांत भेद असतो. अकरावा आणि सतरावा ह्यांतील भेदासाठीं मात्र गांव सोडूं नये.

आतां ज्या संस्था आपल्याच छताखालीं शिकवितात आणि संशोधनहि करतात, त्यांजकडे वळूं. गेल्या वीस वर्षांत ह्या बाबतींत आपल्या देशांत फार मोठा पालट झालेला आहे. भारतीय विज्ञान शिक्षण व अनुसंधान संस्था, म्हणजे ‘आयसर’, ह्यांपैकीं पुणें व कोलकाता येथील २००६ सालीं निघाल्या. पाठोपाठ मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम्, तिरुपति व बेऱ्हामपूर येथें निघाल्या. भुवनेश्वरची ‘नायसर’ ही संस्था आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील आवारांत २००७ सालीं निघालेलें मूलभूत विज्ञानांचें उत्कृष्टता केंद्र हीं दोन्ही अणुऊर्जा विभागाच्या पाठबळानें चालतात. बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ सालची. तिनेंहि २०११ पासून चार वर्षांचा संशोधनप्रधान पदवीक्रम चालविला आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें इंजिनिअरिंग फिजिक्स म्हणून एक क्रम आहे, त्याला प्रवेश जे.ई.ई. ॲडव्हान्स्डमधून मिळतो.

ह्या संस्थांचा मोठा गुण हा, कीं ज्यानें सकाळीं वर्गांत शिकविलें तोच दुपारीं शेजारच्या खोलींत लेसरशीं किंवा गणकयंत्राशीं झुंजत असतो, आणि विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षीं अशाच एखाद्याच्या हाताखालीं प्रबंध लिहावा लागतो. परंतु त्या सर्वांनाच मानवतात असें नाहीं. आयसरमध्यें प्रारंभीच्या काळांत पदार्थविज्ञानाबरोबर रसायन, गणित आणि जीवशास्त्रहि शिकावें लागतें. दहावीनंतर बेडकाला रामराम ठोकलेल्या मुलाला हें जड जातें. अभ्यासाची गति वेगवान् असते. तालुक्याच्या गांवीं नेहमीं पहिला येणारा विद्यार्थी तेथें प्रथमच मधल्या रांगेंत बसतो, आणि तो धक्का कित्येकांना सोसत नाहीं. घरच्यांनीं ह्याची कल्पना आधीं द्यावी. दुसरी सूचना मुदतीची. आयसरची अभिरुचि-परीक्षा, नायसर व कालिनाच्या केंद्रासाठीं असलेली ‘नेस्ट’, दिल्ली-बनारससारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठीं २०२२ पासून आलेली ‘सी.यू.ई.टी.’, ह्या सर्वांचे फॉर्म वसंतऋतूंत निघतात. बारावीचा निकाल हातीं आल्यावर विचार करूं, असें म्हणणाऱ्यास हीं दारें बहुधा बंद झालेलीं आढळतात. खेड्यापाड्यांतील किती मुलें केवळ ही गोष्ट वेळेवर न कळल्यामुळें मागें राहत असतील, हा विचार मनाला लागून राहतो.

मग ज्याला ह्यांपैकीं कोठेंच प्रवेश मिळाला नाहीं, किंवा घरच्या परिस्थितीमुळें गांवच्या महाविद्यालयांतच राहावयाचें आहे, त्यानें काय करावें? चंद्रशेखर व्यंकट रामन् १९०७ सालीं हिशेबखात्याच्या नोकरीसाठीं कलकत्त्यास गेले. तेथें महेंद्रलाल सरकार यांनीं १८७६ सालीं स्थापिलेली विज्ञानसंवर्धनाची एक संस्था होती. कचेरी सुटल्यावर रामन् तिच्या प्रयोगशाळेंत काम करीत. १९१७ सालीं ते कलकत्ता विद्यापीठांत पालित प्राध्यापक झाले, पण प्रयोगांची जागा त्यांनीं सोडली नाहीं. २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध तेथलाच. ही गोष्ट नेहमीं रामन् यांच्या बुद्धीचें कौतुक म्हणून सांगतात. मला तींत दुसरें एक दिसतें. बाहेरच्या मनुष्याला आंत येऊन काम करूं देणारें एक दार त्या शहरांत उघडें होतें. मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस ह्यांचेंहि तसेंच. दोघेहि १९१५ सालीं मिश्र गणित घेऊन एम्.एस्सी. झाले होते, पदार्थविज्ञानाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. परंतु नव्यानेंच निघालेल्या कलकत्त्याच्या विज्ञान महाविद्यालयांत त्यांना पदार्थविज्ञान शिकविण्याचें काम मिळालें, आणि शिकवितां शिकवितां ते तें शिकले. आईन्स्टाईनच्या सापेक्षतेवरील निबंधांचें त्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर त्याच विद्यापीठानें १९२० सालीं छापलें.

तेव्हां गांवच्या महाविद्यालयांत जाणाऱ्यानें आपल्या टापूंत असें उघडें दार कोठें आहे, हें शोधावें. पुण्याच्या विद्यार्थ्याचें भाग्य ह्या बाबतींत मोठें. जयंत नारळीकर यांच्या पुढाकारानें १९८८ सालीं निघालेलें ‘आयुका’ हें केंद्र विद्यापीठांतील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना खगोलशास्त्राचीं साधनें मिळावींत ह्याच हेतूनें उभारलें गेलें. त्याच आवारांत रेडिओ खगोलशास्त्राचें राष्ट्रीय केंद्र आहे, आणि त्याची प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण नारायणगांवाजवळ खोडद येथें आकाशाकडे कान लावून आहे. मुंबईस मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं शिबिरें भरवितें आणि निवडलेल्यांकडून प्रकल्प करून घेतें. त्यांत कोणत्याहि साध्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला अर्ज करतां येतो. देशांतील तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्याच्या सुटींत संशोधनासाठीं छात्रवृत्त्या देतात. कोल्हापूर, नागपूर, जळगांव येथील विद्यापीठ विभागांतहि जाऊन विचारणाऱ्याला हाकलून लावीत नाहींत.

आणि पदवीनंतर दुसरें एक महाद्वार आहेच. आय.आय.टी. आणि इतर मोठ्या संस्थांतील एम्.एस्सी.साठीं ‘जॅम’ नांवाची परीक्षा होते. तींत बी.एस्सी. कोठून झालें ह्याला गुण नाहींत. गाउसच्या नियमावरील त्या दुसऱ्या जातीच्या प्रश्नांना आहेत. नव्या धोरणांतील चवथ्या वर्षाविषयीं मात्र सावध असावें. ‘संशोधनासह पदवी’ हे शब्द भारदस्त वाटतात. परंतु त्या विभागांत पीएच्.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक नसतील तर तें वर्ष आपल्या गांवीं काढण्यापेक्षां तीन वर्षांनीं पदवी घेऊन बाहेर पडणें शहाणपणाचें.

“आधीं इंजिनिअरिंग करूं दे, मग पदार्थविज्ञान” असें म्हणणाऱ्या वडिलांच्या बाजूनें होमी भाभांचा दाखला दिला जातो. तो खरा आहे. १९२७ सालीं ते केंब्रिजला गेले ते यंत्रशास्त्राचे इंजिनिअर होण्यासाठीं; १९३० सालीं त्यांनीं त्या परीक्षेंत पहिला वर्ग मिळविला, आणि मगच वडिलांच्या संमतीनें ते गणित व सैद्धांतिक पदार्थविज्ञानाकडे वळले. परंतु हा दाखला देणारे एक विसरतात. ज्या केंब्रिजमध्यें भाभा इंजिनिअरिंग शिकत होते, तेथेंच डिरॅक शिकवीत होते आणि रदरफर्डची प्रयोगशाळा चालत होती. ज्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पदार्थविज्ञान पहिल्या वर्षानंतर नांवालाहि उरत नाहीं, तेथून परत येण्याची वाट बरीच लांब पडते. ज्याला यंत्रांची आवड आहे त्यानें खुशाल इंजिनिअर व्हावें. ज्याला नाहीं त्याला चार वर्षें थांबवून ठेवण्यांत मला कांहींच फायदा दिसत नाहीं.

परदेशाची चौकशीहि हल्लीं पुष्कळ होते. इंग्लंडांत बहुतेक ठिकाणीं पहिल्या दिवसापासून पदार्थविज्ञानच शिकवितात आणि तीन-चार वर्षांत संपवितात. अमेरिकेंत चार वर्षें लागतात आणि मुख्य विषय कांहीं काळानें ठरवितां येतो. जर्मनींत शिक्षणशुल्क बहुतेक सरकारी विद्यापीठांत नाममात्र असलें तरी आपल्या नुसत्या बारावीवर तेथें थेट प्रवेश सहसा मिळत नाहीं. माझें मत विचाराल तर घर गहाण टाकून पदवीसाठीं परदेशीं जाऊं नये. अमेरिकेंतील चांगलीं विद्यापीठें पदार्थविज्ञानाच्या पीएच्.डी.च्या विद्यार्थ्याला सामान्यतः शिक्षणशुल्क माफ करून वर निर्वाहवेतन देतात. जें चार वर्षांनीं मानानें मिळण्यासारखें आहे तें आज कर्ज काढून कां घ्यावें?

पोटापाण्याचा प्रश्न राहिला. पदवी घेतल्याबरोबर मोठ्या पगाराची नोकरी मिळेल, असें सांगणें फसवणुकीचें होईल. एम्.एस्सी.नंतर मात्र वाटा फुटतात. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा १९५७ पासून चालू आहे, रुग्णालयांतील किरणोपचारासाठीं लागणारे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ तयार करणारा पदविका-क्रमहि त्याच केंद्राच्या आश्रयानें चालतो, बी.एड्. केल्यास उच्च माध्यमिक शाळा आहेत. आणि ज्यानें प्रयोगांतील आंकड्यांची अनिश्चितता खरोखर काढावयास शिकलेली आहे, त्याला आंकडेशास्त्राचीं व संगणकाचीं कामेंहि मिळतात. केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ति मूलभूत विज्ञानें शिकणाऱ्यांसाठीं आहे. बोर्डाच्या परीक्षेंतील वरच्या टक्केवारीवर ती अवलंबून असते, म्हणून तिच्या अटी बारावीच्या आधींच वाचाव्या.

महाविद्यालय पाहावयास केव्हां जावें, एवढेंच सांगावयाचें राहिलें. मे-जूनमध्यें जाऊन उपयोग नाहीं. तेव्हां प्रयोगशाळेला कुलूप असतें आणि भेटतो तो फक्त फी घेणारा कारकून. अकरावीच्या वर्षीं, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, एखाद्या कामाच्या दिवशीं दुपारीं दोनच्या आसपास जावें. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला दाराशीं दहा मिनिटें उभें राहावें. मग एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन दोनच गोष्टी विचाराव्या : ह्या वर्षीं तुझा कोणता प्रयोग फसला, आणि तो फसल्यावर सरांनीं किंवा बाईंनीं तुला काय सांगितलें?